दोन पगारांचं घर

इंग्रज भारतातून गेले ते म्हणे फार घाईघाईत गेले. युरोपच्या गटातून निघताना मात्र त्यांचा पाय उंबऱ्यातच अडकला. आधी मार्चअखेर जातो म्हणाले, मग एप्रिल म्हणाले, मग थेट ऑक्टोबर. काही पाहुणे असतात ना, चपला घालून दारात तासभर गप्पा मारणारे, तसली गत. पाहुण्यांचं एक बरं असतं, ते गेले नाहीत म्हणून आपली नोकरी जात नाही. माझी गेली.

मी तेव्हा तळोज्याच्या एका रंगाच्या कारखान्यात लॅबमध्ये होते. रंग म्हणजे भिंतीचा नव्हे, कापडाचा. पावडरीचा नमुना यायचा, त्यात पांढऱ्या कापडाचा तुकडा रंगवायचा, वाळवायचा आणि मूळ तुकड्याशी ताडून पाहायचा. लग्न होऊन नवीन पनवेलला आले आणि लगेच तिथे लागले, ती तिथेच राहिले. संध्याकाळी तळोज्याला जो वास सुटतो त्याबद्दल नव्या इमारतींतले लोक सारखे तक्रारी करत असतात. मला तो वास म्हणजे पगार वाटायचा.

आणि त्या वर्षी घरात तो एकच पगार येत होता. नवऱ्याचं ऑफिस बंगळुरूला हललं, त्याला मात्र त्यांनी हलवलं नाही. नोकरी गेल्याचं त्याने मला स्वयंपाकघरात, कुकरच्या शिट्टीच्या आवाजात सांगितलं, म्हणजे शेजारी ऐकू जायला नको. कोणाला सांगू नकोस, एवढं एकच त्याने मागितलं. नवी मिळाली की जुनी गेल्याचं सांगू, असं आमचं ठरलं. नवी काही मिळेना. सकाळी तो इस्त्रीचा शर्ट घालून, लॅपटॉपची बॅग लावून निघायचा, सोसायटीच्या वॉचमनला हात करायचा आणि दिवसभर मॉलमध्ये नाहीतर बागेत बसून संध्याकाळी थकून परत यायचा. खरंच थकायचा हो. बसून राहण्याने माणूस किती दमतो ते मी त्याच्याकडे पाहून शिकले.

एकदा लॅबमधल्या कोणीतरी त्याला भरदुपारी भाजी घेताना पाहिलं आणि मला विचारलं. मी काय करावं? दुसऱ्या दिवशी पेढे नेले. म्हटलं, प्रमोशन झालं, आता घरून काम करायची मुभा आहे. सगळ्यांनी दोन दोन पेढे खाल्ले. त्यानंतर मी अधूनमधून दुपारी, सगळे ऐकत असताना, त्याला मुद्दाम फोन करायची. आमचं ठरलेलं होतं, मी कामाच्या वेळी फोन केला म्हणजे माझ्याशेजारी कोणीतरी आहे असं समजायचं आणि त्याप्रमाणे बोलायचं. तो इतकं छान बोलायचा की मलाच घटकाभर बरं वाटायचं.

खरी गोष्ट फक्त एका बाईला माहीत होती. लॅबमध्ये माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारी, बसमध्येही माझ्याच शेजारी बसणारी, माझी मैत्रीण. एका संध्याकाळी कंपनीच्या बसमध्ये मला रडू आवरेना, तेव्हा तिला सगळं सांगितलं. आणि लगेच तिच्याकडून शपथ घेतली, तिच्याच मुलांची शपथ, की कोणाला म्हणजे कोणालाही सांगणार नाहीस. तिने माझा हात धरून शपथ घेतली.

आता इंग्रजांकडे येते. आमचा निम्म्याहून जास्त माल तिथला एक व्यापारी घ्यायचा आणि तिथून इटली, पोर्तुगाल, कुठेकुठे पाठवायचा. तो देश युरोपच्या गटात होता तोवर हे सरळ होतं. एका दाराने माल आत गेला की सगळ्या खोल्यांत फिरायचा. आता तो देशच घराबाहेर निघाला होता. मार्चच्या आधी त्या व्यापाऱ्याने घाबरून भरमसाट माल मागवला. आम्ही रविवारीसुद्धा कापडं रंगवली, मालकांनी मिठाईचे बॉक्स वाटले. मग मार्च संपला, इंग्रज काही गेले नाहीत, आणि व्यापाऱ्याचं गोदाम छतापर्यंत भरलेलं. तो पुढची ऑर्डर कशाला देईल? त्यात त्या देशात नोंदवलेला आमचा रंग उद्या बाकीच्या युरोपात चालेल की नाही, हे सांगायला कोणी तयार नव्हतं. दुपारी डबा खाताना आमच्यातले पुरुष मोबाईलवर त्यांच्या संसदेतली भांडणं बघायचे. त्यांना मजा यायची. मलाही यायची, खोटं कशाला बोलू.

एक दिवस लॅबच्या साहेबांनी सगळ्यांना आत बोलावलं. या साहेबांना डोळ्यांत पाणी आणून बोलायची कला साधलेली होती. म्हणाले, "वरून सांगितलंय, लॅबमधून एक माणूस कमी करायचा. मला विचाराल तर तुम्ही सगळे माझ्या घरचे आहात. मी नाव नाही देऊ शकत. तुम्ही आपसांत ठरवा आणि संध्याकाळपर्यंत मला सांगा." मग थोडं हसून म्हणाले, "शेवटी इंग्रजांनीही आपल्या लोकांनाच विचारलं ना? लोकशाही आहे."

बाहेर आल्यावर कोणी कोणाकडे बघेना. लॅबचा मदतनीस तेवढा निवांत होता. तो बाजूच्याच गावचा, त्याच्या बापाच्या जमिनीवर कारखान्याचं एक अख्खं शेड उभं. "मना कोन काढील?" तो म्हणाला. "उद्याच्याला गेटवर आख्खा गाव उभा करीन. तुमी ठरवा तुमचं." आणि तो भांडी धुवायला गेला.

राहिलो आम्ही चौघं. एक वयाने मोठे सर, एक नुकतंच लग्न झालेला केमिस्ट, माझी मैत्रीण आणि मी. मागच्या खोलीत डबे उघडले आणि सरांनी सुरुवात केली. ज्याच्या घरी जास्त अडचण त्याला ठेवायचं, हे कोणी ठरवलं नाही, पण सगळ्यांना आपोआप कळलं. सरांनी वडिलांचं डायलिसिस काढलं, आठवड्यातून किती वेळा, नेताना रिक्षात कसं बसवावं लागतं, सगळं. वडिलांबद्दल इतकं प्रेमाने बोलताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकलं. मग तो केमिस्ट. तिसरा महिना भरेपर्यंत बोलायचं नसतं म्हणून बायकोला दिवस गेल्याचं त्याने कोणालाच सांगितलं नव्हतं, स्वतःच्या आईलाही नाही. आम्हाला सांगितलं. पोळीचा तुकडा हातात धरून, खाली मान घालून. आम्ही त्याचं अभिनंदन केलं, आणि मनात म्हटलं, हा वाचला.

मैत्रिणीने अंथरुणावर पडलेली सासू सांगितली. सर म्हणाले, "पण तुमच्या मिस्टरांची बंदरात कायमची नोकरी आहे ना?" ती म्हणाली, "आहे." आणि भात कालवत राहिली.

मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. बघण्यात वाईट काही नव्हतं, उलट आपुलकीच होती. सर म्हणाले, "मॅडम, तुमचं तसं बरं आहे. मूलबाळ नाही, मिस्टर चांगल्या पोस्टवर. तुम्ही घरी बसलात तर उलट विश्रांती मिळेल." केमिस्ट म्हणाला, "आणि मॅडम, क्लासेस काढा तुम्ही, छान शिकवता." माझी नोकरी गेलेलीच होती, ते आता नुसतं सांत्वन करत होते.

तेव्हा मी बोलले. नवऱ्याची नोकरी कधीच गेली, प्रमोशन वगैरे खोटं होतं, घर माझ्या एकटीच्या पगारावर चाललंय. इतके महिने जे दाबून ठेवलं होतं ते दोन मिनिटांत टेबलावर ठेवलं, आमटीच्या वाट्यांच्या मधोमध.

सरांना हसू आलं. "मॅडम, मग ते पेढे कशाचे होते?" केमिस्टही हसला. "आज सगळ्यांचेच नवरे घरी बसणार वाटतं." मला त्याच्या एक ठेवून द्यावीशी वाटली. मी मैत्रिणीकडे वळले. "तू सांग यांना. तुला माहितीये."

सगळे तिच्याकडे बघायला लागले. माझ्या घरात एकच पगार ठरला की दोन पगारांचं घर तिचंच उरत होतं. हे तिला कळलं, मला कळलं, आणि कळायला आम्हाला सारखाच वेळ लागला. तिने डब्याचं झाकण लावलं. म्हणाली, "मला बाई काही बोलली नाही ही."

मग मी जे केलं त्याबद्दल आजही मला स्वतःचा संताप येतो. मी फोन काढला. म्हटलं, थांबा, त्यालाच विचारा. स्पीकरवर टाकला आणि फोन टेबलाच्या मध्ये ठेवला. भरदुपारी, कामाच्या वेळी. दुसऱ्याच रिंगला त्याने उचलला. मी म्हटलं, "ऐक, तू आत्ता कुठे आहेस ते खरं सांग." आणि तो खणखणीत आवाजात, एरवीच्या त्या ठरलेल्या फोनांवरही मी ऐकला नव्हता अशा रुबाबात म्हणाला, "अगं, मीटिंगमध्ये आहे. क्लायंट बसलेत समोर. नंतर करतो." आणि ठेवला.

पुन्हा लावला, त्याने कट केला. तिसऱ्यांदाही कट केला. मीटिंगमधला माणूस फोन कट करतोच.

आता कोणी हसलं नाही. सर खाली बघत म्हणाले, "असू द्या मॅडम, होतं असं. अशा वेळी माणूस काहीही बोलतो." त्यांनी मला माफसुद्धा करून टाकलं. मदतनीस फडकं घेऊन आला. "मॅडम, डबा आवरा तुमचा, टेबल पुसायचाय मना."

मी साहेबांकडे गेले, म्हटलं उद्या नवऱ्याची नोकरी गेल्याचा कागद आणून दाखवते. साहेबांचे डोळे पुन्हा भरून आले. "आपसांत ठरलंय ना तुमचं? मग मी मध्ये पडणं बरं दिसत नाही." पुढचं इथेच सांगून टाकते. ते इंग्रज ऑक्टोबरलाही गेले नाहीत. पुढच्या जानेवारीत एकदाचे गेले, तोवर गोदाम रिकामं होऊन ऑर्डरी परत सुरू झाल्या होत्या. माझ्या टेबलावर अर्ध्या पगारात एक शिकाऊ मुलगी बसवली, असं कानावर आलं. मला कोणी फोन केला नाही.

त्या संध्याकाळी बसमध्ये मैत्रीण माझ्याच शेजारी येऊन बसली. दुसऱ्या सीट रिकाम्या होत्या, तरी. खांदा कॉलनी आल्यावर हळूच म्हणाली, "तूच शपथ घातली होतीस ना? मुलांची? मी कशी मोडणार?" मी तिच्या तोंडाकडे पाहिलं. तिला ते खरंच वाटत होतं. तिने शपथ पाळली होती आणि तिला बरं वाटत होतं. तिच्या मुलांना काही होऊ नये असं मला अजूनही वाटतं, एवढंच तिच्याबद्दल बोलते.

घरी आले तेव्हा नवरा माझ्या आधी आलेला. शर्ट बदलून पोळ्या करत होता. पोळ्या तो माझ्याहून चांगल्या करतो, त्या वर्षभरात शिकला. मी चपला काढायच्या आतच सांगितलं, नोकरी गेली म्हणून. कशी गेली तेही सांगितलं, पहिल्या डब्यापासून शेवटच्या फोनपर्यंत. मधे मी ओरडत होते, बहुतेक शेजारीही ऐकू गेलं असेल. त्याच्या हातातलं लाटणं थांबलं. मला वाटलं, आता हा कोसळेल. याला कसं सावरायचं, पुढच्या महिन्यात काय करायचं, सगळं एकदम डोक्यात येऊन गेलं. मी पुढे होऊन त्याच्या दंडाला धरलं.

त्याने गॅस बारीक केला.

"म्हणजे तू माझं सांगितलंस त्यांना," तो म्हणाला.

"सांगितलं."

"आणि मग मी फोनवर जे बोललो, ते सगळ्यांनी ऐकलं?"

"सगळ्यांनी."

तव्यावरची पोळी करपत होती, ती त्याने उलटली नाही.

"त्यांना कोणाचं खरं वाटलं? तुझं की माझं?"

"तुझं," मी म्हटलं.

त्याने इतका मोठा श्वास सोडला की माझा हात त्याच्या दंडावरून आपोआप खाली आला. मग त्याने करपलेली पोळी बाजूला काढली, माझं ताट वाढलं, स्वतःचं वाढलं, आणि कित्येक महिन्यांनी पोटभर जेवला.