कोणी पाठवलं तुम्हाला?

अनोळखी नंबरवरून फोन आला आणि एक बाई रडवेल्या आवाजात म्हणाली, "मुरलीकाका गेले." मी विचारलं, कोण बोलतंय? तर म्हणाली, त्यांची सून. मी लगेच फोन कापला. असले फोन घ्यायचे नाहीत, हे मला मुरलीकाकांनीच शिकवलं होतं. रडत बोलणारी माणसं सगळ्यात धोक्याची, आधी रडतात आणि मग ओटीपी मागतात, असं ते गल्लीतल्या प्रत्येक दुकानात जाऊन बजावत. म्हणून त्या सकाळी मी साड्यांच्या फॉलचे गठ्ठे रंगाप्रमाणे लावत बसले आणि अधूनमधून समोरच्या त्यांच्या दुकानाकडे बघत राहिले. शटर काही वर जाईना... शेवटी मीच त्या नंबरवर फोन लावला. सुनेनं आधी सांगितलं होतं तेच पुन्हा सांगितलं. या खेपेला मी विश्वास ठेवला.

नाशिकच्या मेनरोडमागच्या आमच्या गल्लीत त्यांचं कुलपांचं दुकान आणि बरोबर समोर माझं. बटणं, लेस, अस्तर, रिळं असल्या बारीकसारीक मालाचं. सासऱ्यांनी थाटलेलं, आता मी एकटी चालवते. संशय हा आपल्या धंद्याचा कच्चा माल आहे, असं मुरलीकाका म्हणत, आणि तो माल त्यांच्याकडे कधी कमी पडला नाही. फुकट कॅलेंडर वाटणारा, गल्लीतून दोनदा चक्कर मारणारा रिक्षावाला, जरा जास्त गोड बोलणारा नवा भाडेकरू, सगळ्यांवर त्यांची नजर. संध्याकाळी दुकान वाढवून घरी निघाले की गल्लीतलं प्रत्येक कुलूप दोनदा ओढून बघत जायचे. त्यातली बहुतेक त्यांनीच विकलेली. स्वतः विकलेल्या कुलपावरही भरवसा नसलेला दुकानदार मी दुसरा पाहिला नाही.

लोक घरबसल्या मोबाईलवरून सगळं मागवायला लागले आणि आमची गल्ली ओस पडत चालली. पुण्याहून मुलगा सारखा म्हणायचा, आई, दुकान भाड्यानं देऊन टाक, मोबाईलची कव्हरं विकणारे तयारच आहेत. मी त्याला दिवाळीपर्यंत थांब म्हटलं. तोवर दुकान स्वतःच्या पायावर उभं राहिलं तर ठीक, नाहीतर देऊन टाकू. मग मी पुढाकार घेतला आणि आम्ही काही दुकानदारांनी ठरवलं, महिन्यातून एका रविवारी संध्याकाळी गल्लीत गाड्या बंद ठेवायच्या, दुकानं उघडी ठेवायची, थोडं गाणंबजावणं, बायकांच्या हातचे खायचे पदार्थ. नाव ठेवलं पायी बाजार. बैठकीत मुरलीकाका उठले आणि म्हणाले, आज गाड्यांना बंदी, उद्या आपल्याला. "यामागे कोण आहे?"

"मी आहे, काका."

"ते दिसतंय. तुझ्यामागे कोण आहे?"

विरोध करून झाल्यावर पहिल्या पायी बाजाराच्या दिवशी तेच सगळ्यांत आधी आले, आणि गल्लीच्या तोंडाशी स्टूल टाकून बसले. नजर ठेवायला, म्हणे. गर्दी झाली खरी, पण लोक भजी खात होते, फोटो काढत होते आणि पुढे जात होते. माझ्या दुकानाकडे कोणी ढुंकून बघेना. सगळं आवरायची वेळ झाली तेव्हा देवळ्याकडची एक बाई आली. "मोरपंखी लेस हाय का ओ? इथं लय चांगली मिळती म्हने." कोण म्हणतं, मी विचारलं. तिनं हसून गल्लीच्या तोंडाकडे नुसता हात केला. तिथं सगळी गर्दी होती, आणि तिथंच स्टुलावर मुरलीकाका कान खाजवत दुसरीकडे बघत बसले होते.

झालं, माझ्या डोक्यात किडा शिरला. पुढच्या प्रत्येक पायी बाजाराला दोन-चार नवी गिऱ्हाईकं यायची, कुणी नाशिक रोडची, कुणी मनमाडची, आणि मी माल दाखवायच्या आधी विचारायची, "कोणी पाठवलं तुम्हाला?" एकीनं नणंदेचं नाव सांगितलं, एक म्हणाली पाटी वाचून आले, एक चिडून निघूनच गेली. माझा कुणावर विश्वास बसेना. हा माणूस दया येऊन गिऱ्हाईकं पाठवत असेल, तर दुकान स्वतःच्या पायावर उभं नव्हतंच, त्यांनी ते हाताला धरून उभं ठेवलं होतं. मग दिवाळीला मुलाला मी काय सांगणार? शेवटी एकदा सरळ त्यांच्या दुकानात गेले आणि म्हटलं, काका, खरं सांगा, या बायका तुम्ही पाठवता ना?

"मी? मला कोणी विचारलं तर सांगेन, हिचा फॉल पहिल्या धुण्यात आटतो."

"माझा नाही तुमच्यावर विश्वास."

"शाबास," ते म्हणाले. "आता झालीस खरी दुकानदार."

तेव्हा अस्सा राग आला होता मला. आता आठवलं की हसू येतं.

ते गेल्यानंतरचा पहिला पायी बाजार परवा झाला. लाज वाटली, पण सकाळपासून मनात तेच घोळत होतं: आज कळेल. गल्लीच्या तोंडाशी स्टूल नव्हतं. कोणी आलं नाही, तर गिऱ्हाईकं तेच पाठवत होते हे पक्कं. मग दुकान जाईल, पण सगळ्या जगावर संशय घेणाऱ्या त्या माणसानं माझ्यासाठी काय केलं हे तरी मला कळेल. आणि बायका आल्या तर दुकान राहील, पण मग काका नुसतेच स्टुलावर बसले होते म्हणायचे... बराच वेळ कोणी फिरकलं नाही. मग नाशिक रोडची एक बाई लेकीला घेऊन आली. हुक घेतले, अस्तर घेतलं, मोरपंखी लेस मापायला सांगितली. सवयीनं माझ्या तोंडून प्रश्न गेलाच.

"कोणी नाही," ती म्हणाली. "दुकान दिसलं, आले."

तिच्यामागे आणखी बायका आल्या. सगळ्यांचं उत्तर थोड्याफार फरकानं तेच. इतके दिवस मला हेच ऐकायचं होतं, त्यासाठी मी काकांशी भांडले होते. खरं तर आनंद व्हायला हवा होता. पण लेस मापताना पट्टीवरचे आकडे दिसेनात. कोणीतरी म्हणावं, एकीनं तरी म्हणावं, की स्टुलावरच्या म्हाताऱ्यानं पाठवलं, असं मला फार वाटत होतं.

मुलाला फोन करून सांगितलं, दुकान द्यायचं नाही. नक्की का, त्यानं विचारलं. नक्की, म्हटलं. मग दुकान वाढवलं आणि समोर गेले. काकांच्या शटरचं कुलूप त्यांनी जायच्या आदल्या संध्याकाळी स्वतःच्या हातानं लावलेलं, त्यानंतर कोणी उघडलेलं नाही. ते ओढून पाहिलं. पक्कं होतं. तरी दुसऱ्यांदा ओढलं, आणि मग शेजारच्या दुकानाच्या कुलपाकडे वळले.