सतरा नंबरशी बोललेलं

माझ्या मावशीला लहानपणी घरात सगळे रेडिओ म्हणायचे. सकाळी डोळे उघडले की सुरू, ते झोपेतही थोडं चालूच. आई तिची मोठी बहीण. तिने एकदा वैतागून पैज लावली होती, जेवण संपेपर्यंत गप्प बसून दाखव म्हणून. मावशी दुसऱ्या घासाला हरली. अशा बाईने नोकरी कोणती धरावी? तर जिथे तोंडातून चकार शब्द काढायची बंदी आहे अशी. देवाला विनोदबुद्धी आहे, पण ती चांगली नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

ती वन्यप्राण्यांच्या केंद्रात अनाथ पिल्लं वाढवायची. पुरात वाहून आलेली, जाळ्यात सापडलेली, आई मेलेली पिल्लं तिथे येत. ती मोठी करायची आणि परत रानात, नदीत सोडायची. माणसाची सवय लागलेलं पिल्लू बाहेर फार दिवस टिकत नाही, म्हणून सगळे नियम त्या एका गोष्टीसाठी होते. अंगात राखाडी झगा, तोंड झाकलेलं, हाताला साबणाचा वास नको. दूध फळीच्या भोकातून पाजायचं. नाव ठेवायचं नाही, फक्त नंबर. आणि बोलायचं नाही. मावशी शिंक आली तरी बाहेर येऊन शिंकायची. वीस वर्षं तिने हे पाळलं आणि रोज संध्याकाळी घरी येऊन आमच्या कानांवर दिवसभराचं उट्टं काढलं. आई म्हणायची, "तिकडचे प्राणी नशीबवान गं, आपल्याला कुठे सोडून देतायत?"

आम्ही तिघी एकत्र राहायचो. मी पंधरा वर्षांची असताना आई गेली. तीन आठवड्यांचं दुखणं, बस. आणि मावशीचा रेडिओ बंद पडला. "दूध घेतलंस का," "दार लाव," एवढंच. माझ्यासमोर ती एकदाही रडली नाही. मी आईचा विषय काढला की उठून भांडी घासायला लागायची, ती आधीच घासलेली असली तरी. आईचा चष्मा फ्रीजवर पडून होता, त्याला आम्ही दोघी हात लावत नव्हतो. मी मनातल्या मनात तिला दगड म्हणायचे. सख्खी बहीण गेली आणि हिच्या चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलत नाही, म्हणून माझं डोकं फिरायचं.

आई गेली त्याच आठवड्यात केंद्रात सतरा नंबर आलं होतं. पाणमांजराचं पिल्लू, दोन तळहातांत मावेल एवढं, डोळे नुकते उघडलेले. त्याची आई मासेमारीच्या जाळ्यात अडकून मेलेली. पुढचे अकरा महिने ते मावशीच्या हाताखाली वाढलं. आधी बाटली, मग मेलेले मासे, मग टाकीत सोडलेले जिवंत मासे. त्याने पहिला मासा स्वतः पकडला त्या दिवशी मावशी घरी आली तेव्हा तिचा चेहरा थोडा सैल होता. ते पाहून मला आनंद व्हायला हवा होता, पण मी चिडले.

सोडण्याआधी तिथे एक परीक्षा असते. केंद्राचा ड्रायव्हर कुंपणापाशी उभा राहून आपल्या दणकट आवाजात मोठमोठ्याने बोलतो. प्राणी घाबरून लपला तर पास. जवळ आला तर नापास, आणि नापास म्हणजे जन्मभर पिंजरा. सतरा नंबर ड्रायव्हरच्या पहिल्या "काय रे"लाच पाण्यात गडप झालं. डॉक्टरांनी हसत सही केली. बाईचा आवाज ऐकवून पाहावा असं कोणाच्या डोक्यातही आलं नाही. त्या खोलीत जाणारी बाई एकच आणि तिच्या तोंडाला वीस वर्षं कुलूप. डॉक्टरांच्या सहीखाली मावशीनेही सही केली.

त्या संध्याकाळी तिने दोनदा चहा केला आणि दोन्ही वेळा ओतून दिला. मी विचारलं नाही. आम्ही एकमेकींना काही विचारायचो नाही.

सोडल्यावर बाराव्या दिवशी दुपारी मी शाळेतून आले तर मावशी स्वयंपाकघरात, पायात चपला तशाच, टेबलाशी बसलेली. तिने सांगितलं ते असं: नदीच्या पायऱ्यांवर एक बाई फोनवर बोलत बसली होती. सतरा नंबर पाण्यातून निघून थेट तिच्याकडे धावत गेलं आणि तिच्या गुडघ्यावर पुढचे पाय टेकून उभं राहिलं. बाई किंचाळली. शेजारच्या होडीतला तिचा नवरा वल्हं घेऊन धावला आणि एका घावात ते मेलं. पिसाळलेलं जनावर बायकोला चावतंय, असंच त्याला वाटलं. कोणालाही वाटलं असतं. केंद्राने पाठीत बसवलेली चिप वाचली तेव्हा नंबर कळला.

"ते पळालं का नाही?" मी विचारलं.

"मी बोलायचे त्याच्याशी." मावशी टेबलाकडे बघत म्हणाली. "तुझी आई गेली त्याच्या दुसऱ्या दिवसापासून. रोज."

"काय बोलायचीस?"

"ताईचंच सगळं. ती कशी हसायची, शेवटी पाणी मागत होती ते. घरी बोलले असते तर तुझ्यासमोर कोसळले असते गं. मला तुझ्यासमोर उभं राहायचं होतं."

"आणि परीक्षेच्या वेळी? सांगायचं ना!"

"सांगितलं असतं तर जन्मभर पिंजरा. मला वाटलं, नदीत गेलं की विसरेल. असं वाटलं मला. वीस वर्षांची नोकरी झाल्यावरसुद्धा."

मी तिला जवळ घ्यायला हवं होतं. मी ओरडले. म्हणाले, माझी आई होती ती, आणि तू एका जनावराशी बोललीस, माझ्याशी नाही! दार आपटून मी खोलीत गेले. त्यानंतर दोन महिने मी तिच्याशी बोलले नाही. ते आठवलं की आजही माझी मला लाज वाटते.

तिने दुसऱ्याच दिवशी केंद्राच्या नोंदवहीत, सतरा नंबरच्या पानावर, शेऱ्याच्या रकान्यात स्वतःच्या हाताने लिहिलं, 'मी रोज बोलत होते.' तिला पिल्लांच्या खोलीतून काढलं. कामावरून काढलं नाही, पण शिक्षा त्याहून भारी दिली. पुढच्या सभागृहात शाळांच्या सहली येतात, त्या मुलांना या क्षेत्रातल्या नोकऱ्यांची माहिती द्यायची. म्हणजे दिवसभर बोलायचं.

आमच्या शाळेची सहल गेली तेव्हा मी मुद्दाम शेवटच्या रांगेत बसले. मावशी भिंतीवरच्या तक्त्याकडे काठी दाखवत पाठ केल्यासारखं सांगत होती. पशुवैद्य व्हायला काय शिकावं लागतं, गस्तीवर किती चालावं लागतं, मोजणी करणारे चिखलात तासन्‌तास कसे बसतात. शेवटी म्हणाली, "आणि पिल्लं वाढवणारे. त्यांना माया आवरता आली पाहिजे." मग पाणी प्यायली आणि सतरा नंबरची गोष्ट सगळी सांगितली, स्वतःला काडीइतकंही न वाचवता.

पुढच्या रांगेतल्या एका मुलीने हात वर केला. "तुम्ही त्याला नक्की काय म्हणायचात?"

मावशीने शेवटच्या रांगेकडे पाहिलं.

"खूप काही. पण निघताना रोज एकच. 'घाबरू नकोस, मी आहे.'" तिने काठी टेबलावर ठेवली. "तेवढं एक त्याला कोणी सांगायला नको होतं."

अकरा महिने मी घरात त्याच वाक्याची वाट पाहत होते. मी मान खाली घातली आणि पोरींना दिसू नये म्हणून बुटाची नाडी बांधत बसले.

सहल परत गेली, मी मावशीची सुट्टी होईपर्यंत थांबले. बसमध्ये आम्ही शेजारी बसलो. मी म्हटलं, "मावशी, आई गेल्यापासून मला फार भीती वाटते. तू पण जाशील अशी."

तिने माझ्याकडे वळून पाहिलं. तोंड उघडलं. काय म्हणायचं आहे ते तिला माहीत होतं, मलाही माहीत होतं. मी वाट पाहिली. तिचे ओठ हलले आणि परत मिटले. आमचा थांबा आला आणि मागे गेला, तरी ती माझा हात घट्ट धरून तशीच गप्प बसून होती.