निळा धूर

परवा साक्रीच्या रस्त्यावर पुढच्या ट्रकमागे जळक्या ऑइलचा वास आला आणि आमची जुनी जीप आठवली. घाटात भरल्या जीपचा दम जायचा, म्हणून थोरल्या भावाने नरडाण्याच्या एका मिस्त्रीकडून तिला टर्बो बसवून घेतला होता. थोड्याच दिवसांत ती उभ्या जागी निळा धूर सोडायला लागली. गावात जो तो म्हणे, इंजिन गेलं. भावाने तर ती मोडीत काढायचं ठरवलंच होतं. तरी एकदा दाखवू म्हणून आम्ही भर उन्हात नरडाण्याला गेलो. मिस्त्रीने आपला पांढरा रुमाल सायलेन्सरच्या तोंडाशी धरला, त्यावर उमटलेले तेलकट ठिपके हुंगले, मग टर्बोतून ऑइल इंजिनात परत नेणारी नळी खोलली. आत बोट घालून पाहिलं. बाकड्यावर दुसरी गिऱ्हाइकं चहा पीत बसली होती. ‘इंजिन जुनं झालं’ एवढं म्हणाला असता, तरी आम्ही मान डोलावून परतलो असतो. त्याने मात्र नळीतून निघालेला रबरासारखा तुकडा सगळ्यांसमोर धरला. जोड गळू नये म्हणून त्यानेच जास्त लावलेली पेस्ट आत जाऊन घट्ट झाली होती, नळी तुंबली होती आणि परत न जाणारं ऑइल टर्बोतून सायलेन्सरकडे जाऊन जळत होतं. “इंजिन बरं शे, भाऊ. चूक मनी शे,” म्हणत त्याने चूक स्वतःकडे घेतली. नळी साफ झाली, साचलेलं ऑइल जळेपर्यंत धूर आला आणि विरला. तुकडा त्याने फेकला नाही. गॅरेजच्या दारावर लिंबू-मिरचीशेजारी खिळ्याला अडकवला. आता जीप नाही, पण नवी गाडीही मी तिथेच नेतो. लिंबू-मिरची दर शनिवारी बदलते, तुकडा अजून तोच आहे.