गुडघे ढिले

घाटंजीहून यवतमाळला जाणारी सकाळची एसटी वळणावर कलली की आम्ही सगळे दांड्याला लोंबकळायचो, आणि ती मुलगी मधल्या वाटेत दोन्ही हात मोकळे सोडून उभी असायची. पाय फाकलेले, गुडघे जरासे वाकलेले.

"ओ पोरी, धर न कशाले तरी," कंडक्टर ओरडायचा. "पडशीन तं माह्या अंगावर येईन सारं."

"काही नाही होत दादा. गुडघे ढिले ठेवले का माणूस पडत नाही."

हे ती जहाजावर शिकली होती. शिडाच्या जहाजावर. घाटंजीची मुलगी. तुम्हाला हसू आलं असेल तर आमच्या यवतमाळच्या कॉलेजच्या स्टाफरूममध्ये एखादी खुर्ची तुमच्यासाठी नक्की निघेल. तिथेही असेच हसले होते.

मी प्राणिशास्त्र शिकवतो. प्रवाळांचा धडा वर्षानुवर्षं शिकवत आलो. प्रवाळ म्हणजे पोवळं, एवढ्या-एवढ्या जिवांनी बांधलेली समुद्रातली वस्ती, वगैरे. समुद्र मी स्वतः एकदाच पाहिला, लग्नानंतर, काठावरून, पँट गुंडाळून. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षात तिनं भर वर्गात विचारलं, "सर, तुम्ही पाह्यलं का हे?"

"चित्रात पाहिलं."

"मंग मी पाहून येतो."

वर्ग हसला. मीही हसलो. तिनं मात्र मोबाइलवर शोधून काढलं. परदेशातली एक संस्था पदवीच्या मुलामुलींना शिडाच्या जहाजावर घेऊन प्रवाळांचा अभ्यास करवते, निवड झाली तर खर्च त्यांचाच. मोबाइलवरच मुलाखत झाली. पोहता येतं का, असं त्यांनी विचारलं. ती म्हणाली, येतं, विहिरीत शिकले. पाठीला रिकामा डबा बांधून भाऊ वरून ढकलून द्यायचा, आणि एक दिवस डबा सोडून ढकललं. ते लोक पोट धरून हसले म्हणे. पण घेतलं.

शेवटचं वर्ष नुकतंच सुरू झालं होतं. जाण्याआधी ती माझ्याकडे आली. "सर, हजेरीचं कसं?"

मी म्हणालो, "तू जा. हजेरीचं मी पाहून घेतो."

हे वाक्य लक्षात ठेवा. मला ते विसरता आलेलं नाही.

परतली तेव्हा तळहात फणसासारखे झाले होते. शिडाचे दोर ओढून. प्रयोगशाळेत टेबलावर बसून सांगायची. तोंडावर काच लावून पाण्यात उतरायचं, तळावर मोजपट्टी अंथरायची, आणि तिच्याखाली काय काय आहे ते बघत जायचं. जिवंत, मेलेलं, नुसती वाळू. लाटेनं ढकललं तरी हात टेकायचा नाही, कारण टेकशील तिथे कोणीतरी राहतं.

"आन् रंग?" मी विचारलं. तिच्यासारखंच बोलू लागलो होतो.

"पांढरं सर. पाणी तापलं का ते पांढरं पडते, मंग मरते. वावरात कपाशी फुटते न, तसं. जिकडं पाह्यलं तिकडं पांढरं. आपल्याकडं पांढरं दिसलं का मानसं खूश होतेत. तिथं मी काचेच्या आत रडली. तसं रडू नये सर. धुकं येते, मंग काही दिसत नाही."

मी इतकी वर्षं शिकवलेला धडा त्या दिवशी मला पहिल्यांदा समजला.

जहाजवाल्यांनी तिला सांगितलं होतं, पदवी घेऊन ये, पुढच्या उन्हाळ्यातल्या फेरीला नव्या मुलांना शिकवायला तुलाच घेऊ. जागा उन्हाळ्यापर्यंतच राखून ठेवणार होते. ही गोष्ट तिनं घरच्यांच्या आधी मला सांगितली.

मग सत्कार झाला. कॉलेजच्या फाटकावर हा मोठा फ्लेक्स. शिडांसमोर ती, आणि वर कोपऱ्यात प्राचार्यांचा गोल फोटो, जणू जहाज त्यांनीच ढकललं. प्राचार्य बोटात पोवळ्याची अंगठी घालत. मंगळासाठी. शाल दिल्यावर माइकवरून लाडानं म्हणाले, "काय गं, आमच्यासाठी एखादं पोवळं आणलं की नाही?"

"नाही सर. ते जिवंत असते, आणत नसतेत. तुमच्या बोटात हाय न, ते त्याचं हाडूक हाय."

सभागृहात हशा फुटला. मी रुमालात तोंड लपवलं. प्राचार्यही हसले, पण अंगठी बोटात गोल गोल फिरवत राहिले.

परीक्षा जवळ आली आणि हजेरी कमी असलेल्यांची यादी लागली. तिचं नाव पहिलं. ज्या फाटकावर तिचा फ्लेक्स, त्याच्याच आतल्या भिंतीवर तिला परीक्षेला बसू न देण्याची सूचना. वर बघितलं तर गौरव, खाली बघितलं तर शिक्षा, आणि कारण एकच. ज्या दिवसांसाठी शाल दिली तेच दिवस गैरहजर म्हणून मोजले. अशा लोकांना मी वर्षानुवर्षं 'साहेब' म्हणत आलो. त्यांच्यासोबत चहा प्यायलो. आजही पितो.

बैठक बसली. प्राचार्य म्हणाले, "ती अभ्यासाला गेली होती की फिरायला, हे कोणी ठरवायचं? विभागप्रमुखांनी परवानगी दिली होती का?"

विभागप्रमुख मी. माझ्या बढतीची फाइल त्यांच्याच टेबलावर पडून होती. ती तिथे आहे हे त्यांना माहीत होतं, आणि मला ती दिसते आहे हेही.

"मला नीट आठवत नाही," मी म्हणालो.

एवढंच. 'नाही' म्हणायचंही धाडस नव्हतं माझ्यात.

तिला आत बोलावलं. "कोणाच्या परवानगीनं गेली होतीस?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं. पंखा बंद होता.

"माह्या मनानं गेली सर," ती म्हणाली.

अंगठी फिरायची थांबली. "नियम म्हणजे नियम," प्राचार्य म्हणाले, आणि लोक पुढच्या विषयावर गेले. पुढचा विषय स्नेहसंमेलनाचा होता.

तिचं वर्ष गेलं. जहाजावरची जागा दुसऱ्या कोणाला मिळाली. तिच्या मोठ्या भावाचं घाटंजीत कृषी केंद्र आहे, बी-बियाणं आणि खतांचं. तो वाईट नाही. "एक साल गेलं तं गेलं," म्हणाला, "तवरोक दुकानात बस." ती बसली. परत आलीच नाही. सकाळच्या गाडीत मधली वाट मोकळी राहू लागली.

मला बढती मिळाली. फ्लेक्स पुढच्या प्रवेशाच्या हंगामातही फाटकावर होता. "आमची विद्यार्थिनी सातासमुद्रापार." लाज वाटण्याचंही एक वय असतं, आमच्या कॉलेजचं ते केव्हाच उलटलं. माझं मात्र उशिरा आलं.

घाटंजीत राहून त्या दुकानाचा रस्ता मी टाळत होतो. गेल्या महिन्यात बाजाराच्या दिवशी गेलो. बाहेर खताची पोती रचलेली, आणि त्यांच्यावर पांघरलेला तोच फ्लेक्स. आमच्याकडे जुन्या फ्लेक्सचं हेच होतं, सोयाबीन झाका नाहीतर पोती झाका. कॉलेजच्या शिपायानं भावाला दिला असणार. जहाज उलटं झालं होतं. कोपरे दोरीनं बांधलेले, आणि प्राचार्यांच्या फोटोवर वीट ठेवली होती.

"काय देऊ सर?" काउंटरमागून तिनं विचारलं.

"औषध. कढीपत्त्यावर कीड आहे." मग म्हणालो, "मला आठवत होतं. त्या दिवशी बैठकीत. सगळं आठवत होतं."

ती बाटली शोधत होती. "माहीत हाय."

"मग माझं नाव का नाही घेतलंस?"

"तुम्ही बोलसान म्हणून थांबली होती." तिनं बाटली काउंटरवर ठेवली. "लय वेळ थांबली सर. परीक्षा होऊन गेली तरी थांबली होती. रोज वाटे, आज सर घरी येतीन. दोन गल्ल्या तं दूर राहता तुम्ही."

मला माफ कर, असं म्हणायला तोंड उघडलं.

"ते नोका म्हणू," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "तुम्हाले हलकं वाटीन. माह्या काय कामाचं?"

तेवढ्यात बाजारातून वावटळ आली. वीट घसरली आणि फ्लेक्स फडफडत वर उठला, एका बाजूनं सुटला, पोटात वारा भरून फुगला. भाऊ आतून ओरडला, "अवं, गेला न तो." ती काउंटरखालून वाकून बाहेर धावली. सुटलेली दोरी तिनं हवेतच धरली, मनगटाभोवती एक वेढा घेतला आणि अंग मागे टाकून ओढली. फ्लेक्स हळूहळू खाली आला. मग तिनं खांबाला एक गाठ मारली. तशी गाठ आमच्याकडे कोणी मारत नाही.

धूळ बसेपर्यंत ती दोरीवर हात ठेवून तशीच उभी होती. पाय फाकलेले, गुडघे ढिले. मी दुकानाचा खांब दोन्ही हातांनी घट्ट धरला होता.