बोअरची सही

दगडूनाना कामाला हात लावण्याआधी पाण्याची चव घ्यायचे. काच पुसायला आलेला माणूस बादलीत बोट बुडवतो, ते जिभेला लावतो, डोळे मिटून क्षणभर थांबतो आणि मग वैद्यानं निदान सांगावं तसं सांगतो, "बोअरचं हाय. मचूळ. चला, लागू कामाला." पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला वाटलं, म्हाताऱ्याच्या डोक्यात काहीतरी फरक आहे. हायवेवरच्या आमच्या गावात पतसंस्थेची तीन मजली काचेची इमारत नुकतीच उभी राहिली होती. मी तिथला व्यवस्थापक, म्हणजे सगळ्या गावाचा 'भाऊसाहेब', आणि काचा पुसायचं काम नानांकडे. नाना मागच्या आषाढात राजूरला, लेकीच्या घरी वारले. जन्म गेला त्या गावात ते का वारले नाहीत, हे मला सांगायचं आहे. माझी बायको सोडली तर ते ठाऊक असलेला गावात आता मी एकटाच उरलोय.

नाव दगडू आणि धंदा काचेचा, म्हणून गाव त्यांना सोडत नसे. "नाना, दगडाला बघून काच दचकत न्हाई व्हय?" असं कुणी विचारलं की नाना शांतपणे म्हणत, "दचकती ना. म्हनून तर मी आल्यावर धूळ झाडून उभी ऱ्हाती." तरुणपणी ते चारचौघांसारखे ऊसतोडीला जात. नंतर पुण्याला गेले आणि तिथे पंधरा वर्षं दोराला लटकून उंच उंच इमारतींच्या काचा पुसल्या. गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा परत आले. येताना सोबत एक रबरी वायपर, दोराचं एक वेटोळं आणि पाण्याबद्दलची ठाम मतं घेऊन आले.

त्या मतांचं मूळही पुण्यातच होतं. एकदा जेवणाच्या सुट्टीत त्यांनी मला सांगितलं, "उन्हाळ्यात तिथं काचंसाठी पेयाच्या पान्याचा टँकर मागवायचे, भाऊसायेब. मी वर लटकल्यालो आन् खाली पानी गटारात जाताना दिसायचं. त्याच वक्ताला आमची कौसा हितं दोन कोसावरनं हंडा आनीत हुती. मला वरनं चक्कर यायची. लोक म्हनायचे उंचीची येती." पुढे तिथे खारं पाणी गोड करणारं मोठं मशीन बसलं, तेव्हा कुठे त्यांच्या जिवाला बरं वाटलं. "खारं आत, गोड भायेर. आपल्याकडं कवा यायचं आसलं?" असं ते मला दोन-तीनदा तरी म्हणाले असतील. कौसा म्हणजे कौसाबाई, त्यांची बायको.

आमच्याकडचं बोअरचं पाणी म्हणजे निम्मा चुना. काचेवर थेंब वाळला की तिथे पांढरा डाग पडलाच. नाना अर्ध्या बादलीत एक मजला उरकायचे. ओलं फडकं, लगेच वायपर, लगेच जुनं वर्तमानपत्र. पाण्याला वाळायला म्हणून सवड द्यायची नाही. तरी काचेच्या कडांना एक बारीक पांढरी रेघ राहायचीच. चेअरमनसाहेबांना ती रेघ खुपायची. "ठेवीदार आधी काच बघतो, मग ठेव ठेवतो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. नानांना त्या रेघेचं कौतुक होतं. "ती बोअरची सही हाय, सायेब. पेयाचं पानी वापरलं न्हाई म्हनून बोअर सही करून देतो." हा शब्द हळूहळू गावभर झाला. कुणाच्या धुतलेल्या गाडीवर पांढरे डाग दिसले की लोक म्हणायचे, चला, सही आहे.

मग तो उन्हाळा आला. नळ बंद झाले आणि गल्लीगल्लीला टँकरचे वार लागले. ग्रामसभेत नाना उभे राहिले. मी तिथे होतो. एरवी ते सभेत कधी तोंड उघडत नसत. म्हणाले, "टँकरचं पानी पेयाला आन् सैपाकाला. काचा, गाड्या, बांधकाम, समदं बोअरवर. जो मोडंल त्याच्या घराचा टँकर आठ दिस बंद." मागून कुणीतरी ओरडलं, "नाना, बोअर आटला तर तुझाच धंदा बसंल!" नाना वळून म्हणाले, "बसू दे. मी बी बसंन जरा. गुडघं दुखत्यात." सभा हसली आणि हसता हसता ठराव मंजूर झाला.

वैशाखात आमचा बोअर खरंच आटला. मोटर सुरू केली की आधी खोकल्यासारखा आवाज आणि मग नुसता गाळ. आणि नेमका त्याच आठवड्यात पतसंस्थेच्या लॉकर विभागाचा समारंभ ठरला. मोठे पाहुणे येणार होते आणि काचांवर हायवेची महिनाभराची धूळ. मी चेअरमनसाहेबांना अडचण सांगितली. त्यांनी मला काही न विचारता टँकरवाल्याला फोन लावला. मंगळवारी भर दुपारी टँकर आमच्या मागच्या दाराला लागला आणि अर्धा आमच्या हौदात रिकामा झाला. मंगळवार नानांच्या गल्लीचा होता. त्या दिवशी तिथल्या निम्म्या बाया रिकामे हंडे घेऊन घरी गेल्या, कौसाबाईही त्यांतच होत्या. टँकरला गळती लागली, असं टँकरवाल्यानं सांगितलं.

"नानाला काय सांगायचं?" मी चेअरमनसाहेबांना विचारलं. "ते तुम्ही बघा, तुम्ही हुशार आहात," ते म्हणाले. आणि मी हुशार निघालो. चेअरमनसाहेबांनी पाणी आणलं हे खरं, पण पुढची युक्ती माझी होती, त्यात कुणाचा वाटा नाही.

बुधवारी सकाळी नानांनी नेहमीसारखं बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. डोळे मिटले ते नेहमीपेक्षा जास्त वेळ मिटलेले राहिले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "गोड हाय, भाऊसायेब. पानी कुठलं?"

"बोअरचंच आहे, नाना. तुम्ही म्हणायचात ना पुण्यासारखं मशीन? थोडं पाणी लागलं बोअरला, त्यावर फिल्टर बसवलाय."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांचा चेहरा उजळला, की त्यांनी तो उजळवला, हे मला आजही कळलेलं नाही. "बसवलं व्हय? लई ब्येस केलं," म्हणाले आणि शिडी लावली. त्या दिवशी त्यांनी जीव ओतून काचा पुसल्या. दहा वाजेपर्यंत इमारत अशी काही दिसायला लागली, की रस्त्यावरचे ट्रकवाले वेग कमी करून बघत होते. मी बाहेर येऊन बघितलं आणि, खोटं कशाला बोलू, मला अभिमान वाटला.

टँकर उभा राहायचा तो आमच्या इमारतीसमोर, रस्त्याच्या पलीकडे. आदल्या दिवशी पाणी न मिळालेल्या बायांना बुधवारी या म्हणून सांगितलं होतं. साडेदहाला त्या हंडे घेऊन रांगेला आल्या. समोरच्या काचेत अख्खी रांग दिसत होती, हंड्यांसकट. बायांनी आधी पदर सारखे केले, एकमेकींना कोपरं मारली, हसल्या. मग शेवंताबाई म्हणून एक आहेत, जिभेला हाड नसलेल्या, त्या रस्त्याच्या पलीकडून ओरडल्या, "नाना, आज बोअरची सही कुठं हाय?"

त्या बायांपैकी एकीलाही पुढचं समजावून सांगावं लागलं नाही. कालची गळती कुठे लागली होती, ते त्यांना समोर लख्ख दिसत होतं.

नाना शिडीवरूनच म्हणाले, "आगं, फिल्टर बसवलाय भाऊसायबांनी. बोअरवर. तुमाला दावत्याल की." आणि माझ्याकडे वळून, अगदी सहज, "दावा वं भाऊसायेब ह्यांला."

मी तेव्हा म्हणायला हवं होतं. एवढंच म्हणायचं होतं, की बायांनो, नानांना मी फसवलं. चार शब्द. त्याऐवजी मी म्हणालो, "त्या खोलीची किल्ली चेअरमनसाहेबांकडे आहे."

नाना एक एक पायरी करत खाली उतरले. गुडघ्यांमुळे त्यांना वेळ लागला, आणि तेवढा वेळ मला बोलायला होता. खाली आल्यावर त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. रस्ता ओलांडून बायांसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "मी इचारलंच न्हाई पानी कुठलं ते. माजं चुकलं." रांगेत कौसाबाई होत्या. चाळीस वर्षं ज्या माणसाबरोबर संसार केला, तो विचारल्याशिवाय पाण्याला हात लावत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी हंडा उचलला आणि घराकडे चालू लागल्या.

संध्याकाळी ग्रामपंचायतीत बोलावणं आलं. सरपंच जरा घुटमळले. नोटीस पतसंस्थेला द्यावी, असं कुणीतरी पुटपुटलं, पण चेअरमनसाहेबांच्या शेतात विहीर आहे, त्यांचा कसला टँकर बंद करणार? नाना म्हणाले, "ठराव माजा हाय. पुसलं मी. लिवा माजं नाव." मी भिंतीशी मूग गिळून बसलो होतो. त्यांचं नाव लिहिलं गेलं आणि आठ दिवस त्यांच्या घराचं पाणी बंद झालं.

चौथ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेलो. माफी मागायची होती, निदान घरातून निघताना तरी तसं ठरवलं होतं. टेकतो न टेकतो तोच कौसाबाईंनी आतून तांब्या-भांडं आणून पुढ्यात ठेवलं. आपल्याकडे दारी आलेल्याला आधी पाणी देतात. त्या घरात ते कुठून आलं असेल, किती लांबून आलं असेल, या विचारानं मला ते उचलवेना. "घ्या," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या. मी ते प्यालो. न प्यावं तर त्यांचा अपमान होता.

शेवटी नानाच बोलले, आतपर्यंत जाणार नाही अशा आवाजात. "मला तवाच कळलं हुतं, भाऊसायेब. जीभ सांगत हुती टँकरचं हाय म्हनून. तुमी म्हनला फिल्टर, मग मी जिभेचं ऐकलं न्हाई, तुमचं ऐकलं. शिकल्याला मानूस खोटं कशाला बोलंल?" त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी तो झेलून मोकळा झालो असतो.

आठ दिवसांनी त्यांचा टँकर सुरू झाला, पण गल्ली सुरू झाली नाही. रांगेत कौसाबाईंच्या हंड्याला कुणी हंडा लावेना. पुढे एक हात जागा, मागे एक हात जागा. हळदीकुंकवाचं बोलावणं बंद झालं. नानांनी सगळ्या दुकानांची काचेची कामं सोडली. पेपर वाचायला पारावर यायचे, तेही थांबलं. पाऊस सुरू झाला तसं घराला कुलूप लावून दोघं राजूरला लेकीकडे निघून गेली. एसटीत बसवायला मी गेलो होतो. नानांनी वायपर माझ्या हातात दिला. "तिकडं डोंगरात काचंची घरं न्हाईत," म्हणाले. मी तो घेतला. घ्यायला नको होता, पण नको म्हणायचं धैर्य माझ्यात तेव्हाही नव्हतं.

दिवाळीत मी फोन केला. पलीकडे नाना खुशीत वाटले. "हितं पानी लई हाय, भाऊसायेब. छपरावरनं पडतंय, कुनी भांडं बी लावीत न्हाई. मी लावतो, तर लेक हसती." मग म्हणाले, "पन कौसाला करमत न्हाई. तिला गावाकडं यायचंय. रोज इचारती, बाया बोलतील का वं आता? मी काय सांगू?" मग तेच म्हणाले, "तुमी एकदा ग्रामसभंत सांगता का? माज्यासाठी न्हाई. माजं काय, मी हितं बी सुखात हाय. तिच्यासाठी." मी म्हणालो, सांगतो. सव्वीस जानेवारीच्या सभेत सांगतो, शब्द देतो. "मंग झालं," नाना म्हणाले. "झेंडा झाला की फोन करा. म्या एसटीचं बघतो."

मी काय बोलायचं ते कागदावर लिहून काढलं होतं. बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, आता तरी बोला. सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं, सभा बसली. मी उभा राहिलो. समोर शेवंताबाई होत्या, चेअरमनसाहेब पहिल्या खुर्चीवर होते, आणि माझ्या निवृत्तीला चार महिने बाकी होते. सरपंचांनी विचारलं, "बोला भाऊसाहेब, काय म्हणायचंय?"

मी म्हणालो, "आमच्या गल्लीतला खांबावरचा दिवा बंद आहे."

लिहून घ्या, असं सरपंच म्हणाले. तिसऱ्या दिवशी माणूस येऊन नवा दिवा बसवून गेला. नानांना मी फोन केला नाही.