चंदाचे सहा गुण

तेहतीस वर्षांच्या नोकरीत सुमनबाई रामटेके यांनी एकाही मुलाला नापास केले नव्हते. बपेऱ्याच्या वाटेवरच्या एका लहानशा गावातल्या शाळेतून त्या निवृत्त झाल्या, तेव्हा निरोपाच्या भाषणांत हीच गोष्ट त्यांचे भूषण म्हणून सांगितली गेली. त्यांनाही ती तशीच वाटली. नारळ आणि शाल घेऊन त्या वरठीला स्वतःच्या घरी राहायला आल्या.

त्यांचे हे समाधान वर्षभर टिकले. पुढच्या पावसाळ्यात गल्लीतली गुंजन दारात येऊन उभी राहिली. ही त्यांचीच जुनी विद्यार्थिनी; लग्न होऊन वरठीला आलेली, नवरा लोखंडाच्या कारखान्यात. आदल्या दिवशी तिची लहानगी गुड्डी औषध घेऊन झोपली होती आणि हलवूनही जागी होईना. भंडाऱ्याच्या दवाखान्यात नेल्यावर पोर वाचली. औषधाच्या खोक्यावर दुकानदाराने स्वच्छ मराठीत लिहिले होते: रात्री अर्धा चमचा. गुंजनने अडीच चमचे पाजले होते.

"वाचता नाई आलं बाई मले," ती म्हणाली. "चार वर्सं तुमच्याच वर्गात होती ना मी."

बोलण्यात राग नव्हता, म्हणूनच ते खोल गेले. गुंजनच्या नावापुढे आपण काय लिहिले होते ते बाईंना शब्दशः आठवले: 'प्रकट वाचन समाधानकारक.' जूनपासून एप्रिलपर्यंत सर्वेक्षणे, याद्या, पोषण आहार. आणि एप्रिलच्या शेवटी एका बैठकीत चाळीस मुलांच्या चाळीस नोंदी. कायद्याने कोणाला नापास करायचे नव्हते, पण शिकवायचे मात्र होते. त्यांनी कायद्याचा सोपा अर्धा भाग पाळला होता.

त्याच हिवाळ्यात विहारात आलेल्या एका भन्तेंनी लुंबिनीकडच्या एका खेड्यातल्या शाळेविषयी सांगितले. गणिताला शिक्षक नाही, हिंदी चालते, राहायला खोली मिळेल, मानधन काही नाही. जानेवारीत बाई निघाल्या. मनाशी एकच निश्चय होता: आपल्या हातून न कमावलेला एकही गुण आता जाणार नाही.

तिथे त्या 'सुमन मिस' झाल्या. पाचवीत चंदा नावाची बारा वर्षांची मुलगी होती. सकाळी शेळ्या सोडून यायची, म्हणून पहिला तास तिचा नेहमी बुडालेला. भागाकार तिला जमत नव्हता. पण वर्ग सुटल्यावर ती अंगणात काडीने रेघा मारून वाटणी करीत बसे आणि पुष्कळदा उत्तरापर्यंत पोहोचे. बाईंनी तिच्याबरोबर बसून तीन महिने घालवले. तिथल्या वर्षाचा शेवटचा महिना, चैत्र, संपत आला, वार्षिक परीक्षा झाली. चंदाला एकोणतीस गुण मिळाले. पस्तीस हवे होते.

मुख्याध्यापक टेकचंद यांनी पेपर पुन्हा बाईंपुढे सरकवला. तिचा आजा काल येऊन गेला, ते म्हणाले; पास झाली तर शाळा, नाही तर आत्याबरोबर वीटभट्टीवर, असे त्याने सांगितले आहे.

"छह ही तो अंक हैं, सुमन मिस."

"मी देणार नाही, सर," बाई हिंदीत म्हणाल्या. "असे गुण दिलेली एक मुलगी माझ्या शेजारी राहते."

 टेकचंदांनी दुसरी वाट काढली. बाईंनी पंधरा दिवस आणखी थांबावे, मुलीला शिकवावे, फेरपरीक्षा घ्यावी. तोवर आज्याला ते समजावतील.

हा प्रस्ताव न्याय्य होता, आणि बाईंना तो त्याच क्षणी पटला होता. पण बारा तारखेचे तिकीट होते. चौदा एप्रिलला वरठीच्या विहारापुढे त्यांचे भाषण ठरलेले होते, आणि समज आल्यापासून त्यांची एकही जयंती गावाबाहेर गेली नव्हती. "जयंतीला पोचायलाच हवे," त्या म्हणाल्या. टेकचंदांनी मान डोलावली आणि पेपर कपाटात ठेवला.

निकालाच्या दिवशी चंदाने कागदाची चार घड्यांची घडी केली आणि मुठीत धरली. ती रडली नाही. "मिस, आप फिर कब आओगी?" एवढेच तिने विचारले.

चौदा तारखेला निळ्या झेंड्यांखाली सुमनबाई शिक्षणावर पाऊण तास बोलल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या. वीस तारखेला टेकचंदांचा फोन आला: चंदा आत्याबरोबर गेली. कोणत्या भट्टीवर ते आज्यालाही नीट सांगता येत नव्हते.

बाईंनी हे कोणालाच सांगितले नाही. जूनच्या तोंडाशी गुंजन गुड्डीला बोटाशी धरून तिच्या पहिलीच्या प्रवेशाचा अर्ज घेऊन आली, तेव्हा मात्र तिलाच त्यांनी सगळे सांगून टाकले. तुझ्यासारखी गत तिची होऊ नये म्हणून असे केले, असेही म्हणाल्या. ती आपली बाजू घेईल असे त्यांना कुठेतरी वाटत होते.

गुंजन ऐकत राहिली. मग म्हणाली, "काहून नाई देल्ले बाई सहा मार्क?"

"अगं, तूच तर—"

"मी माह्या पोरीच्या औषधाचं बोलली होती. माही मोठी बहीन चंद्रकला आठवते तुमाले? तुमच्या आंदीच्या गुरुजीनं सातवीत नापास केलं तिले. बाबा म्हने, आता घरी बसून काय करते पोट्टी? त्याच उन्हाळ्यात लगन लावून देल्लं. पंधराची नव्हती झाली." तिने पदराने गुड्डीचे नाक पुसले. "मले तुमी पास करत गेल्या, सारेच करत गेले. आठवी झाली, मंग दोन वर्सं नववीत बसली. शाळेत जाते म्हनून कोनी माह्या लग्नाचं नावच नाई काढलं. एकोनिसावं लागल्यावर झालं माहं लगन."

"पण तुला शिकवले नाही गं मी."

"नाईच शिकवलं," गुंजन म्हणाली. "ते तं हायेच ना बाई. तिले तं तुमी शिकवून राहिल्या होत्या. पंधरा दिवस थांबाचं होतं."

 एक चूक पुसायला म्हणून सुमनबाईंनी जो ताठपणा धरला होता, त्याची किंमत दुसऱ्याच कोणाच्या तरी पोरीने भरली होती. आणि तो ताठपणाही त्यांनी स्वतःच्या तिकिटाची तारीख आड येईपर्यंतच पाळला होता. त्यांनी चष्मा लावला आणि अर्ज ओढून घेतला. मुलीचे नाव, जन्मतारीख, बापाचे शिक्षण दहावी. पुढचा रकाना आईच्या शिक्षणाचा होता. तिथे पेन थांबले.

"लिवा ना, आठवी पास," गुंजन म्हणाली. "खोटं हाये का?"

बाईंनी सुवाच्य अक्षरात 'आठवी उत्तीर्ण' लिहिले आणि अर्ज सहीसाठी तिच्यापुढे धरला. गुंजनने जीभ दातांत धरून, एकेक अक्षर जपत, आपले नाव लिहिले. ते पुरे होईपर्यंत सुमनबाई कागद दोन्ही हातांनी दाबून बसल्या होत्या.