मावशीची करपलेली भाकरी

दीपमाला मावशीला स्वयंपाक येत नाही, हे आमच्या मस्तगड वस्तीतल्या सगळ्यांना ठाऊक आहे. मिशनच्या दवाखान्यात तिने आयुष्यभर आयाचं काम केलं. आता कुणाच्या घरात दुःख झालं की न बोलावता जाऊन बसते, आणि तिची भाची म्हणून मी बायबलची पिशवी घेऊन मागं चालते. पण त्या दुपारी ती म्हणाली, "बायबल राहू दे, ज्वारीचं पीठ घे." मला तिचा रागच आला.

आमच्या गल्लीतल्या संपतचा टेम्पो अंबडच्या रस्त्यावर उलटला होता. शेजारी बसलेला धाकटा भाऊ देवानंद जागीच गेला. माती झाल्यापासून संपत अन्नाला शिवला नव्हता. त्या दिवशी त्याने मागच्या खोलीत जाऊन आतून कडी लावली. फवारणीच्या औषधाचा डबा त्याच खोलीत आहे, हे त्याच्या आईला, सगुणाबाईला, नंतर आठवलं.

आम्ही पोचलो तेव्हा दारापुढं चर्चमधली माणसं जमली होती. पाळकसाहेब दाराला तोंड लावून सांगत होते, भिऊ नकोस, देव तुझ्यासोबत आहे. दोघं पहार घेऊन उभे होते.

"दाराला हात लावला तर पिऊनच टाकीन!" आतून संपत ओरडला. सगुणाबाई मटकन खाली बसली.

"गप बसा सगळे," मावशी म्हणाली. पाळकसाहेबांनासुद्धा! मग तिने अंगणातल्या विटांची चूल दाराला अगदी खेटून मांडली आणि सगुणाबाईच्या परातीत पीठ मळायला घेतलं. इथं माणसाचा जीव टांगणीला आणि हिला भाकरी सुचतेय.

"संपत, मी दीपमाला. भाकरी करून राह्यले. ऐक. शास्त्रातला एवढा मोठा संदेष्टा, रानात झुडपाखाली बसून देवाला म्हणला, आता पुरे, माझा जीव घे. देव चिडला न्हाई त्याच्यावर. दूत पाठवला. दूतानं प्रवचन केलं? बिलकुल न्हाई. निखाऱ्यावरची भाकर उशाशी ठेवली अन् म्हणला, ऊठ, खा."

तव्यावरची भाकरी नेहमीसारखी एका बाजूने करपली. मी दाराच्या फटीकडे बघत राहिले.

"मंग?" आतून आलं.

"मंग खाल्ली अन् परत झोपला."

"उठून काय करू मावशी? देवानंद न्हाई आता."

"न्हाई. तो येणार न्हाई." असं कुणी बोलतं का! मी तिचा हात दाबला. तिने झटकला. "दूत म्हणला, वाट लांब हाय म्हणून खा. सोपी हाय असं न्हाई म्हणला तो."

कितीतरी वेळाने कडी वाजली. दार चार बोटं उघडलं आणि आधी औषधाचा डबा बाहेर आला. मी तो हिसकावूनच घेतला. मग प्लास्टर घातलेला हात आला, आणि मावशीने त्यावर भाकरी ठेवली.

"करपली ना," संपत म्हणाला आणि रडायला लागला. सगुणाबाई आत धावली, त्याला पोटाशी धरून बसली. तिच्या खांद्यावरून तो मावशीकडे बघत होता.

"अन् उद्या परत असंच वाटलं तर?"

"दूत दोनदा आल्ता," मावशी परात आवरत म्हणाली. "उद्या पीठ घेऊन येते."